डॉक्टरांच्या पाच भाज्या

किळस आली की डॉक्टर पँट वर उचलायचे. दोन्ही हातांच्या चिमटीत दोन्ही पायांवरच्या इस्त्रीच्या घड्या धरायच्या, पँट घोट्यापासून चांगली वीतभर वर घ्यायची आणि तुंबलेल्या गटारातून वाट काढावी तसं चवड्यांवर चालायला लागायचं. खाली गटार नसायचं. हॉस्पिटलच्या मीटिंग रूममधला कोरडा ठणठणीत गालिचा असायचा. समोर एखादा मॅनेजर पडद्यावर रंगीत चौकोन दाखवत, ऑपरेशनं कमी केली की रुग्णसेवा कशी वाढते हे समजावत असायचा. डॉक्टर उठायचे, पँट उचलायचे आणि खुर्च्यांच्या रांगांमधून दाराकडे निघायचे. माझ्याजवळून जाताना मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणायचे, "घाण आहे बाप्पा. घाण."

तुम्ही म्हणाल, मोठा तोरा दिसतो. तोरा होताच. मूळचे नागपूरचे, आमच्या गावातले सगळ्यात जुने हाडांचे सर्जन. हे गाव इंग्लंडच्या उत्तरेत, एके काळी कापडगिरण्यांवर जगलेलं. मी त्याच हॉस्पिटलात भूल देणारी. विदर्भातल्या मुली भाद्रपदात भुलाबाई बसवतात, तिची गाणी म्हणतात. भूल देणारी बाई म्हणून डॉक्टरांनी मला भुलाबाई करून टाकलं. ऑपरेशन टेबलाशी हात धुऊन उभे राहिले की मास्कमागून विचारायचे, "भुलाबाई, झोपला का हा? की अजून तुमच्या पुण्याच्या गोष्टी ऐकून राहिला?"

"गोष्टी ऐकूनच झोपला सर," मी म्हणायचे. "औषध वाचलं."

इतक्या किळसखोर माणसाचा रविवार मात्र चिखलात जायचा. चिखल, रक्त, थुंकी, पडलेले दात यांची त्यांना काडीची किळस नव्हती. ते आमच्या गावच्या रग्बी क्लबचे सामन्याचे डॉक्टर होते.

रग्बी म्हटलं की आपल्या मंडळींना एकच रग्बी माहीत असते, ती मोठमोठ्या शाळांतल्या सुखवस्तू पोरांची. उत्तरेत खाणींच्या आणि गिरण्यांच्या गावांत दुसरी खेळतात, तिला लीग म्हणतात. इकडे तेरा, तिकडे तेरा. अंगात चिलखत नाही, डोक्यावर टोप नाही. चेंडू छातीशी धरायचा आणि समोरच्या भिंतीत शिरायचं, आणि भिंत माणसांची. ते लोक त्यासाठी पगार घेतात. डॉक्टरांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, एका रविवारी ताप आला म्हणून त्यांच्या जागी मी डॉक्टरांची बॅग धरायला गेले आणि नंतर वर्षानुवर्षं धरतच राहिले. वहिनी म्हणाल्या, "जा गं बाई तूच. मला ते हाडांचे आवाज ऐकवत नाहीत. हे घरी येऊन पुन्हा करून दाखवतात."

मैदानावर डॉक्टरांचं काम एका शब्दाचं होतं. एखादा खेळाडू डोक्यावर आपटला की ते पळत जायचे, गुडघे टेकायचे, तपासायचे, आणि नको वाटलं तर म्हणायचे, "बाहेर." त्यावर कोच वाद घालत नसे. खेळाडू शिव्या घालत पण उठून जात. कुठे लिहिलेलं नव्हतं. त्या क्लबात तशी रीत होती. डॉक्टरांना क्लबातली दुसरी कुठलीच गोष्ट स्वतःची म्हणून नको होती, एवढा एक शब्द हवा होता.

आता त्यांची तपासणी ऐका. डोक्याला मार लागलेल्याला विचारायचे ठरीव प्रश्न असतात. वार कोणता, गाव कोणतं, पंतप्रधान कोण. "मार न लागता यांना पंतप्रधान ठाऊक नसतो," डॉक्टर म्हणायचे, "मग मार लागल्यावर मी काय ओळखावं?" म्हणून त्यांनी स्वतःची रीत बसवली. सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये, मालिशच्या तेलाच्या झणझणीत वासात, अर्ध्या उघड्या राक्षसांच्या मधोमध ते बाकावर चढून उभे राहायचे आणि पाच भाज्यांची नावं सांगायचे. मराठीत. दर सामन्याला नव्या पाच. सगळ्यांनी पाठ करायच्या, एकेकाने म्हणून दाखवायच्या. मेंदूला धक्का बसला की नुकतं पाठ केलेलं आधी सांडतं.

"पण मराठीच का?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"इंग्रजी भाजी अंदाजाने सुचते. पडवळ अंदाजाने सुचत नाही."

आणि मग मी ते दृश्य पाहिलं. ज्यांच्या मांड्या माझ्या कमरेएवढ्या, अशी माणसं एकामागून एक उभी राहून, शाळेतल्यासारखे हात मागे बांधून म्हणत होती, "कांदा, दोडका, पडवळ, चवळी, शेपू." आमचा कप्तान डॅरेन सगळ्यात मन लावून म्हणायचा. नाक तीन दिशांना वळलेलं, कान अळुवडीसारखे गुंडाळलेले. त्याचा जीव शेपू या शब्दावर. त्या आनंदात वहिनींनी एकदा त्याला घरी बोलावून शेपूची भाजी वाढली. त्याने ती सगळी संपवली, रुमालाने तोंड पुसलं आणि डॉक्टरांच्या कानाशी लागून म्हणाला, "डॉक, शब्द जास्त चांगला होता."

रीत चालायची कशी तेही सांगते. आमचा एक विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने पळणारा गडी, धावता धावता गोलाच्या खांबावर आपटला. डॉक्टरांनी गुडघे टेकून विचारलं, "भाज्या?"

"कांदा," विंगर म्हणाला. "दोडका." मग बराच वेळ आकाशाकडे बघून त्याने तिसरी भाजी सांगितली, "पुडिंग."

"बाहेर," डॉक्टर म्हणाले.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, दोन हजारचं दशक अर्ध्यावर आलं तेव्हा, क्लब डबघाईला आला आणि एका माणसाने तो विकत घेतला. घरामागे काचेच्या खोल्या बांधून द्यायचा त्याचा धंदा होता. मंडळी, मी भूल देणारी बाई आहे, पोटातलं सगळं बाहेर आलेलं पाहिलंय, मळमळ हा माझा अभ्यासाचा विषय आहे. पण त्या माणसाने हात हातात घेतला की मला घरी जाऊन आंघोळ करावीशी वाटायची. तळहात कोमट आणि ओलसर, सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखा. जानेवारीत रापलेला चेहरा. अत्तर असं की तो गेल्यावरही खोलीत अर्धा तास उभा असायचा. बोलताना समोरच्याच्या मानेवर हात ठेवायचा, म्हैस बाजारात चाचपतात तसा, आणि म्हणायचा, "आपण सगळे एक फॅमिली आहोत."

फॅमिलीने पहिल्या महिन्यात काय केलं? पिढ्यान् पिढ्यांचा लालभडक शर्ट आणि त्यावरचा पांढरा पट्टा गेला. मालकाच्या गाड्यांचा नारिंगी रंग आला. कावीळ झालेल्या तेरा माणसांची मिरवणूक बघावी तशी टीम बाहेर यायची. मैदानाला त्याच्या कंपनीचं नाव मिळालं. खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानात येतात तिथे जुन्या कप्तानांचे फोटो होते. ते उतरवून काचेच्या खोल्यांचे फोटो लावले, आत वेताच्या खुर्चीवर हसणारं जोडपं. फेब्रुवारीच्या गारठ्यात उघड्या मांड्यांच्या मुली नाचवल्या. त्यांचे गुडघे जांभळे पडले तेव्हा डॉक्टरांनी जखमी खेळाडूंची घोंगडी नेऊन त्यांच्या पायांवर टाकली, आणि मालक लाउडस्पीकरवरून ओरडला, "डॉकला मुली आवडल्या बरं का!" प्रेक्षक हसले. त्या हंगामात डॉक्टरांची पँट खाली म्हणून आलीच नाही.

एके दिवशी मालक ड्रेसिंग रूममध्ये शिरला आणि त्याने भाज्या ऐकल्या. त्याचे डोळे जे चमकले, ते पाहून मला मांजराने फ्रिज उघडा पाहिल्याची आठवण झाली. "डॉक," तो म्हणाला, "हे सोनं आहे. सोनं."

पुढच्या सामन्याला मोठ्या पडद्यावर झळकलं: डॉकच्या आजच्या भाज्या. खाली गावातल्या इंडियन रेस्टॉरंटची जाहिरात. लाउडस्पीकरवाला एकेक नाव घेणार, प्रेक्षक ओरडून साथ देणार. आणि मैदानाच्या कडेने, ज्याचे हात धड वर होत नाहीत असा एक माणूस, कापूस भरलेल्या जांभळ्या वांग्याच्या पोशाखात दुडदुडत होता.

मला शिसारी आली. आणि खोटं कशाला सांगू, हसूही आलं. हजारो इंग्रज एका सुरात "भेंडी" म्हणून ओरडतायत हे ऐकायला मिळेल असं मला पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या शेजारची आजीबाई माझ्याकडे वळून म्हणाली, "लव्ह," इकडे अनोळखी बाईलाही असंच म्हणतात, "ते गवार नीट म्हणतेय ना मी?" मी म्हटलं, "अगदी नीट."

डॉक्टर मात्र हसले नाहीत. सामना संपल्यावर ते मला घेऊन थेट मालकाच्या खोलीत गेले.

"हे थांबवा," ते म्हणाले.

"का बरं? लोक वेडे झालेत."

"उत्तरं भिंतीवर लिहून कुणी परीक्षा घेतं का? उद्या एखादा आपटला, तर तो स्वतःच्या डोक्यातलं सांगतोय की तुमच्या पडद्यावरचं, मी कसं ओळखू?"

"डॉक, डॉक." हात मानेकडे निघाला, डॉक्टर एक पाऊल मागे सरले, हात हवेत राहिला. "या गावात आजवर कुणी डॉक्टरच्या नावाने घोषणा दिल्यात का? लोकांचं प्रेम आहे तुमच्यावर."

"माझ्यावर नाही. वांग्यावर."

मालक खो खो हसला आणि तोडगा निघाला. पडद्यावर जुन्या सामन्याच्या भाज्या दाखवायच्या. त्या दिवसाच्या खऱ्या भाज्या डॉक्टर दार लावून खेळाडूंना सांगतील. मालकाने शब्द दिला. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "भुलाबाई, या माणसाचा शब्द काचेचा आहे की नुसत्या चौकटीचा?"

काही महिने तो शब्द टिकला. टीम मात्र टिकेना. नारिंगी शर्टात आम्ही हरत गेलो आणि सप्टेंबरात शेवटच्या सामन्यापर्यंत येऊन पोचलो. तो जिंकला तर वरच्या विभागात राहणार, हरला तर खाली घसरणार. वर डॅरेनची काळजी. आधीच्या महिन्यात त्याच्या डोक्याला जबर मार बसला होता, पहिल्या भाजीलाच तो अडला होता. डॉक्टरांनी त्याला घरी बसवलं, पुन्हा पुन्हा तपासलं, आणि शेवटच्या सामन्याला परवानगी दिली ती मालकाच्या आणि कोचच्या देखत बजावून, "असा दुसरा फटका बसला तर मी विचारत बसणार नाही. मेंदू एकदा सुजतो, उतरतो. लगेच पुन्हा सुजला तर माणूस उठत नाही. मी असं पोर पाहिलं आहे." ते कुठे, कधी, हे त्यांनी सांगितलं नाही. 

त्या दुपारी डॉक्टर दार लावून भाज्या सांगत होते तेव्हा मालक आत होता. फॅमिली ना. "अळू, घेवडा, तोंडली, मुळा, शेपू." खेळाडू म्हणत होते, मालक मोबाइलवर काहीतरी टिपत होता. मला वाटलं, कुणाची तरी काचेची खोली गळत असेल.

उत्तरार्धात आम्ही चार गुणांनी पुढे होतो. प्रेक्षकांच्या मुख्य स्टँडच्या अगदी समोर डॅरेनने चेंडू घेऊन भिंतीत डोकं घातलं आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलात बसला. आवाज माझ्यापर्यंत आला. डॉक्टर पळाले, मागून मी बॅग घेऊन.

डॅरेन उताणा पडला होता, डोळे उघडे. डॉक्टर वाकले. "डॅरेन. भाज्या?"

बसस्टॉपवर अनोळखी माणूस बोलायला आला की आपण कसं शिष्टाचाराने हसतो, तसा तो डॉक्टरांकडे बघून हसला.

"भाज्या सांग, बाळा."

आणि मोठा पडदा उजळला. त्यावर इंग्रजी अक्षरांत अळू उमटलं. मालकाने दुपारी मोबाइलवर टिपलं होतं ते हेच. मग स्टँड उठला आणि गरजला, "आ-लू!" डॅरेनचे ओठ हलले. "आलू," तो म्हणाला. पडद्यावर घेवडा. स्टँड, "घे-वा-डा!" डॅरेन, "घेवाडा." दिवेलागणीला आजीमागून पोर शुभंकरोति म्हणतं ना, तसं, एक श्वास मागे राहून, अर्थाशी काही देणंघेणं नसल्यासारखं. तोंडली झाली, मुळा झाला, आणि शेपूला तर अख्खं गाव उभं राहून ओरडलं. मैदानाच्या कडेला नारिंगी कोटातला मालक दोन्ही हात पसरून ऑर्केस्ट्रा चालवत होता. "पास!" तो ओरडला. "डॉक, पास झाला!"

मला त्या माणसाची जी किळस आली ती आजही जिभेवर आहे. पण स्टँडचं काय करू? त्या लोकांचा डॅरेनवर जीव होता. आपल्या माणसाला शब्द सापडत नाहीयेत, तर आपण देऊया, एवढंच त्यांच्या मनात होतं. ती गवारवाली आजीबाई रडत रडत "शेपू" म्हणत होती. त्याला जपायचं म्हणून ते सगळे त्याला ढकलत होते.

"बाहेर," डॉक्टर म्हणाले.

त्या गोंगाटात ते मलाच ऐकू आलं. डॅरेन उठून बसला, डॉक्टरांचा हात झटकून म्हणाला, "सोड. मी खेळणार." कोचने मान फिरवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला मान फिरवताना पाहिलं. मालक ओरडत होता, "सगळ्यांनी ऐकलंय! पास झालाय तो!" रेफरीने डॉक्टरांकडे पाहिलं, मग मालकाकडे, मग घड्याळाकडे.

डॉक्टर वाद घालायला उठले नाहीत. ते आणखी खाली बसले, चिखलात चक्क मांडी घालून. डॅरेनचा उजवा पाय मांडीवर घेतला, घोटा तपासावा तसा. डॅरेनही थांबला, हाडांच्या डॉक्टरने पाय हातात घेतला की माणूस थांबतोच. डॉक्टरांनी बुटाची लेस सोडली. बूट काढला. माझ्या हातातल्या बॅगेत टाकला, चेन ओढली, बॅग स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि डॅरेनच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. एका बुटावर कुणाला खेळता येत नाही, एवढं मालकालाही ठाऊक होतं. दुसऱ्या बाजूने मी धरलं. तिघं बोगद्याकडे निघालो.

वरून काय काय आलं! कागदी पेले, चहा, बिअर, मांस भरलेली, अर्धवट खाल्लेली पाय नावाची कचोरी. मी जन्माची शाकाहारी. माझ्या कॉलरमधून बैलाच्या मूत्रपिंडाचा एक गरम तुकडा रश्शासकट पाठीवरून खाली उतरला, आणि हात डॅरेनला धरण्यात गुंतल्यामुळे मला तो बोगद्यापर्यंत तसाच सोबत न्यावा लागला. "गद्दार," कुणीतरी ओरडलं. दुसरं कुणी काय ओरडलं ते मी लिहीत नाही. आमच्या कातडीबद्दल होतं. डॉक्टरांनी वर पाहिलं नाही. ते डॅरेनला सांगत होते, "पायरी आहे. आता दुसरी."

आम्ही हरलो. शेवटच्या मिनिटांत समोरच्यांनी दोनदा चेंडू आमच्या रेषेपलीकडे टेकवला, म्हणजे दोन ट्राय बसले, आणि क्लब खालच्या विभागात घसरला. मालकाने त्याच संध्याकाळी पत्रकारांना सांगितलं की एका माणसाच्या हट्टापायी गावाचं स्वप्न मोडलं. डॅरेनच्या डोक्याचा स्कॅन स्वच्छ निघाला, रक्तस्राव नाही, सूज नाही. हे गावात पसरलं, आणि मग तर बोलायलाच नको. बघा, काही झालंच नव्हतं त्याला. स्कॅनमध्ये असा धक्का दिसत नाही, आणि वेळेवर बाहेर काढला म्हणूनच स्वच्छ निघाला, हे मी दुकानात, पार्किंगमध्ये, पोस्टाच्या रांगेत सांगून पाहिलं. लोक मान हलवायचे आणि पुढे सरकायचे. डॉक्टरांनी कुणालाच काही सांगितलं नाही. त्यांना क्लबने पुन्हा बोलावलं नाही. वांगं मात्र पुढच्या हंगामातही होतं.

मालकाने पुढच्या वर्षी क्लब विकला आणि स्पेनला जाऊन राहिला. डॅरेन त्यानंतर तीन-चार हंगाम खेळला, आता शाळेत व्यायाम शिकवतो. डॉक्टर निवृत्त झाले आणि लेकीजवळ नॉटिंगहॅमला गेले. तिथल्या बागेत एका सकाळी वाफे खणता खणता बसले ते उठले नाहीत. मी रविवारी आता मैदानाच्या बाजूने गाडी नेत नाही.

पण डॉक्टर आठवले की मला तो सामना दिसत नाही. सामना संपल्यानंतरची संध्याकाळ दिसते, आमच्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीतली. बाहेर अजून ऊन होतं. स्कॅनची वाट बघत डॅरेन ट्रॉलीवर अर्धवट बसलेला, शेजारच्या खुर्चीवर मांडीवर बॅग घेऊन डॉक्टर, पलीकडे रश्शाचा वास मारणारी मी. डोक्याला असा मार लागलेला माणूस तोच तोच प्रश्न विचारतो. उत्तर ऐकतो, ते सांडतं, पुन्हा विचारतो.

"डॉक, आपण जिंकलो का?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात पेशंटशी कधी खोटं न बोललेला माणूस.

"जिंकलो," ते म्हणाले.

डॅरेनचा तो वाकडातिकडा चेहरा असा फुलला की मी दुसरीकडे पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा. "डॉक, जिंकलो का आपण?" "जिंकलो. चार गुणांनी." पुन्हा तोच चेहरा, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा.

"सर," मी त्यांच्याच नागपुरी मराठीत म्हटलं, "काहून खोटं बोलता?"

"खरं सांगितलं तर प्रत्येक वेळी नव्याने हरेल बिचारा. उद्या एकदाच हरू दे."

मग त्यांना त्यात चव आली. पुढच्या वेळी आम्ही दहा गुणांनी जिंकलो. त्याच्या पुढच्या वेळी सोळा. मग रेफरीने येऊन डॉक्टरांशी हात मिळवला. मग मालक आनंदाने नाचता नाचता चिखलात आडवा पडला. हे डॅरेनला इतकं आवडलं की त्याला हसताना डोकं धरावं लागलं. स्कॅनवाला ट्रॉली न्यायला आला तोवर शेवटचा ट्रायही डॅरेननेच मारला होता, तिघांना अंगावर घेऊन.

"मी?" डॅरेन म्हणाला.

"तू नाही तर कोण?"

डॅरेनने समाधानाने मान मागे टेकवली. मग त्याची नजर खाली गेली, मोज्यातल्या उजव्या पायावर. 

"डॉक," तो म्हणाला, "मग माझा बूट कुठंय?"

"लोकांनी डोक्यावर घेऊन गावभर मिरवायला नेलाय," डॉक्टर म्हणाले, आणि मांडीवरची बॅग हळूच खुर्चीखाली सरकवली.